अंदाज, की पाहिलंत?
(बास्केटबॉलमधील वेळेच्या चुका आणि मृत चेंडू यांविषयी)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात खेळावरचा लेख म्हटला की तो बहुधा विजयाचा वृत्तान्त असतो. कोणत्या संघाने कोणता चषक आणला, अंतिम सामन्यात कोण चमकला, प्राचार्यांनी पाठ कशी थोपटली, हे आपण दरवर्षी आवडीने वाचतो. प्रस्तुत लेख एका पराभवाविषयी आहे. ठाण्यातल्या एका मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आपला बास्केटबॉल संघ एका गुणाने हरला. त्या सामन्यात मी खेळाडू नव्हतो, वेळाधिकारी होतो. हरण्याचे कारण मी आहे असे काही मित्रांचे मत झाले व त्यांनी ते माझ्यापासून लपवले नाही. त्यांच्या म्हणण्यात किती तथ्य आहे हे शोधण्यासाठी मी नियमपुस्तक उघडले. ते वाचता वाचता जे हाती लागले ते येथे मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

मी इतिहासाचा विद्यार्थी. उंची बेताची, त्यामुळे संघात जागा मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण सरावाला नियमाने जाऊन बसण्याची खोड होती. ती पाहून क्रीडाशिक्षक एकदा म्हणाले, "नुसता बसतोस, त्यापेक्षा टेबलावर बस. घड्याळ सांभाळ." आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात क्रिकेट, कबड्डी नि खो-खो यांचे जाणकार गल्लोगल्ली भेटतात, बास्केटबॉलच्या टेबलावर बसायला मात्र माणूस शोधावा लागतो. असा मी वेळाधिकारी झालो. घड्याळ चालू करायचे आणि थांबवायचे, यात शिकण्यासारखे काय, असे तेव्हा मला वाटले होते.

चेंडूचा जीव आणि घड्याळाची गती

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ सुरू केला. त्याच्या मूळ नियमांची संख्या अवघी तेरा. त्यांत एक नियम असा की, चेंडूवर नजर ठेवणाऱ्या पंचाने चेंडू खेळात आहे की नाही हे ठरवावे, तो कोणाचा ते सांगावे आणि वेळही त्यानेच राखावी. म्हणजे चेंडूच्या अवस्थेचा निर्णय आणि वेळेची मोजणी ही दोन्ही कामे आरंभी एकाच माणसाकडे होती. पुढे खेळ वेगवान झाला आणि कामे वाटली गेली. आज मैदानात दोन किंवा तीन पंच असतात. टेबलावर गुणलेखक, त्याचा सहाय्यक, वेळाधिकारी आणि चोवीस सेकंदांचे घड्याळ चालवणारा असे चौघे बसतात. शिट्टी एकाच्या तोंडात आणि बटण दुसऱ्याच्या हाताखाली, अशी ही विभागणी आहे. वेळेच्या बहुतेक चुका या दोघांमधल्या अंतरात जन्म घेतात.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेंडू दोनच अवस्थांत असतो, जिवंत किंवा मृत. थ्रो-इनच्या वेळी चेंडू फेकणाऱ्याच्या स्वाधीन झाला, फ्री थ्रोच्या वेळी तो टाकणाऱ्याच्या स्वाधीन झाला, किंवा आरंभीच्या उडीच्या वेळी तो पंचाच्या हातातून वर सुटला, की चेंडू जिवंत झाला. बास्केट झाली, चेंडू जिवंत असताना पंचाने शिट्टी वाजवली, किंवा डावाची वेळ संपल्याचा भोंगा झाला, की तो मृत झाला. नवख्याला येथपर्यंत सारे सोपे वाटते.

घोटाळा पुढे आहे. चेंडूचा जीव आणि घड्याळाची गती एकाच क्षणी सुरू होत नाहीत. थ्रो-इन घेणाऱ्याच्या हाती चेंडू आला की तो जिवंत झाला, पण घड्याळ अजून थांबलेलेच असते. मैदानातल्या एखाद्या खेळाडूचा त्याला नियमानुसार स्पर्श होईल तेव्हा वेळाधिकाऱ्याने बटण दाबायचे. शेवटचा फ्री थ्रो हुकला तरी तसेच. कोणीतरी चेंडूला हात लावीपर्यंत वेळ चालत नाही. उलट बास्केट झाली की चेंडू मृत होतो, परंतु घड्याळ चालूच राहते. एवढेच की चौथ्या डावाच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्याबरोबर घड्याळ थांबवावे लागते. आघाडीवरच्या संघाने चेंडू उचलण्यात चालढकल करून वेळ खाऊ नये, हा त्यामागचा उघड हेतू.

म्हणजे चेंडू जिवंत व घड्याळ बंद, आणि चेंडू मृत व घड्याळ चालू, या दोन्ही स्थिती नियमाला मान्य आहेत. वेळाधिकाऱ्याने नुसत्या शिट्टीवर विसंबून चालत नाही. त्याला चेंडू पाहावा लागतो, पंचाचा हात पाहावा लागतो, आणि त्याच वेळी घड्याळाचा आकडाही. डोळे दोनच असल्यामुळे चुका होतात.

आणखी एक बारकावा येथेच सांगून ठेवतो, कारण त्याची गरज पुढे लागणार आहे. बास्केटसाठी फेकलेला चेंडू हवेत असताना भोंगा झाला तर तो चेंडू मरत नाही. हातातून सुटणे भोंग्याच्या आधीचे असेल, तर बास्केट धरली जाते. आपल्या कबड्डीतही याच्याशी नाते सांगणारा नियम आहे. डावाची वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पुरी होऊ देतात. जे वेळेत सुरू झाले त्याला आपला शेवट गाठू द्यावा, ही न्यायबुद्धी दोन्ही खेळांत सारखीच दिसते.

माझी पहिली चूक

आता त्या सामन्याकडे वळतो. दुसऱ्या डावात प्रतिपक्षाला बाजूच्या रेषेवरून थ्रो-इन मिळाला. घड्याळात ४ मिनिटे ३२ सेकंद शिल्लक होती. कोणीतरी टेबलावर चहाचे पेले आणून ठेवले आणि मी माझा पेला कागदांपासून दूर सरकवला. तेवढ्यात चेंडू आत आला, स्पर्श झाला, खेळ सुरू झाला. माझे बटण दाबायचे राहिले. काही वेळाने आपल्या एका खेळाडूच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला, शिट्टी झाली, आणि मी घड्याळ थांबवायला गेलो तो ते थांबलेलेच! आकडा ४ मिनिटे ३२ सेकंदच.

मुख्य पंच टेबलाशी आले. मी ओशाळून म्हणालो, "सर, घड्याळ सुरूच केलं नाही. दहाएक सेकंद गेले असतील."

त्यांनी विचारले, "अंदाज, की पाहिलंत?"

"अंदाज."

"मग तो आपल्यापाशीच ठेवा," असे म्हणून त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिले. ती चोवीस सेकंदांचे घड्याळ चालवत होती. तिने स्पर्शाबरोबर आपले बटण दाबले होते आणि शिट्टीबरोबर थांबवले होते. तिच्या यंत्रावर १३ हा आकडा होता. चोवीसमधून तेरा गेले, उरले अकरा. पंचांनी घड्याळातून बरोबर अकरा सेकंद कमी करायला लावले आणि ४ मिनिटे २१ सेकंदांपासून खेळ पुन्हा सुरू झाला. दोन्ही कर्णधारांनी ऐकून घेतले, कोणी हुज्जत घातली नाही. माझा दहाचा अंदाज खऱ्याच्या इतका जवळ होता, तरी तो त्यांनी घेतला नाही. त्या वेळी मला याचे थोडे वाईटही वाटले.

या चोवीस सेकंदांच्या घड्याळाचाही इतिहास आहे. आघाडी मिळाली की चेंडू नुसता खेळवत ठेवायचा, या रटाळपणावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने ते १९५४ मध्ये आणले. आंतरराष्ट्रीय खेळात १९५६ पासून तीस सेकंदांची मर्यादा होती, ती २००० मध्ये चोवीसवर आली. खेळाला वेग यावा म्हणून बसवलेले हे घड्याळ मुख्य घड्याळ चुकले की साक्षीदाराचेही काम करते, हे मला त्या दिवशी कळले.

चुकीला किती मुदत?

नियमपुस्तकात चुका दुरुस्त करण्याविषयी एक स्वतंत्र कलम आहे, आणि त्यात चुकांचे दोन वर्ग केलेले दिसतात.

पहिला वर्ग पंचांच्या अनवधानाचा. नसलेला फ्री थ्रो दिला, असलेला दिला नाही, भलत्याच खेळाडूला फ्री थ्रो टाकू दिला, किंवा गुण चुकून दिले अथवा रद्द केले. या चुका सुधारता येतात, पण मुदत अगदी थोडी आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू झाले, की त्यानंतर चेंडू पहिल्यांदा मृत होऊन पुन्हा जिवंत होईपर्यंतच चूक लक्षात यायला हवी. तो क्षण टळला की चूक कायम झाली. शिवाय चूक घडणे आणि ती लक्षात येणे यांच्या दरम्यान जे गुण झाले, जे फाउल झाले, जी वेळ गेली, ते सगळे तसेच राहते.

दुसरा वर्ग नोंदीच्या आणि वेळेच्या चुकांचा. गुणलेखकाने दोन गुण लिहायचे विसरणे, घड्याळ उशिरा सुरू होणे, उशिरा थांबणे. यांना मुदत मोठी आहे. सामन्यानंतर मुख्य पंच गुणपत्रकावर सही करीपर्यंत या चुका सुधारता येतात. सही झाली की पंचांचा त्या सामन्याशी संबंध संपला.

हा भेद का केला असावा, यावर मी बराच विचार केला. मला वाटते ते असे. चुकीचा फ्री थ्रो ही घडलेली घटना आहे. तिच्यानंतर पुढचा खेळ तिच्यावर उभा राहतो, तो मागे जाऊन उपटता येत नाही. गुणपत्रक आणि घड्याळ या मात्र घटनेच्या नोंदी आहेत. नोंद चुकली म्हणून घटना बदलत नाही, नोंदच घटनेशी जुळवून घ्यावी लागते. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा फरक नवा नाही. बखरीतली तारीख चुकली म्हणून लढाई दुसऱ्या दिवशी होत नाही.

पण जुळवायचे कशाशी, आणि कोणत्या आधारावर? अमेरिकेतल्या शालेय सामन्यांच्या नियमांत याचे उत्तर स्पष्ट शब्दांत आहे. गेलेल्या वेळेविषयी निश्चित माहिती असेल तरच पंचाने घड्याळ सुधारावे. पंचाने स्वतः आकडा पाहिला असेल, किंवा पाच वा दहा सेकंदांच्या मर्यादेसाठी तो हाताने मोजत असेल, तर ती मोजणी चालते. "साधारण इतके गेले असतील" हे चालत नाही. कारण सामन्याच्या शेवटी 'साधारण'चा फायदा कोणातरी एकालाच मिळतो, आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार पंचाला नाही.

म्यूनिकचे तीन सेकंद

वेळेच्या चुकीचे जगप्रसिद्ध उदाहरण १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकचे. अंतिम सामना अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात ९ सप्टेंबरला रात्री उशिरा सुरू झाला. ऑलिंपिकमध्ये तोवर ६३ सामने सलग जिंकलेला अमेरिकेचा संघ एका गुणाने मागे होता. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली. दुसऱ्या फ्री थ्रोच्या वेळीच टेबलावरून भोंगा वाजला होता. आपण टाइम-आउट मागितला होता, तो टेबलाने दिला नाही, असे सोव्हिएत बाजूचे म्हणणे. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद उरला असताना त्या गोंधळात थांबवावा लागला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला सांगितले. खेळ परत सुरू झाला तो घड्याळ नीट लावून होण्याआधीच. लगेच भोंगा वाजला, आणि जिंकलो असे समजून अमेरिकन खेळाडू नाचू लागले. ते तीन सेकंद तिसऱ्यांदा खेळवण्यात आले. या वेळी इव्हान एडेश्कोने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलून बास्केट केली, आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा जिंकला.

अमेरिकेचे अपील पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. सामन्याचे एक पंच, ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो, यांनी निषेध म्हणून गुणपत्रकावर सही करायला नकार दिला.

या प्रकरणात तीन सेकंद द्यायला हवे होते की नाही, यावर आजही दोन मते मिळतील. माझ्या मते त्याहून मोठा दोष पद्धतीचा होता. सामना चालू असताना घड्याळाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार पंचांचा. जोन्स कितीही मोठे असले तरी ते त्या सामन्याचे पंच नव्हते. आधाराच्या जागी अधिकार आला, आणि म्हणून तो निकाल पराभूतांच्या गळी कधीच उतरला नाही.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. १५ जानेवारी १९९० रोजी शिकागोविरुद्धच्या सामन्यात एक दशांश सेकंद उरलेला असताना न्यूयॉर्कच्या ट्रेंट टकरने थ्रो-इन झेलला, वळला, चेंडू फेकला आणि तीन गुण मिळवून सामना जिंकला. एक दशांश सेकंदात माणसाला एवढे सगळे करता येत नाही. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू झाले, हे उघड होते. यातून पुढे नियमच झाला. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे थ्रो-इन झेलून बास्केटसाठी फेकायचा असेल तर घड्याळात निदान ०.३ सेकंद हवेत. त्याहून कमी असतील तर चेंडू न धरता नुसता हाताने टोलवता येतो किंवा थेट जाळीत दाबता येतो. वेळाधिकाऱ्याचे बोट कितीही चपळ असले तरी ते माणसाचे बोट आहे, हे नियमाने मान्य करून टाकले, ही गोष्ट मला फार समजूतदारपणाची वाटते.

कोणाचे घड्याळ खरे?

आपल्याकडे वेळेचे वाद काही कमी झालेले नाहीत. माझे आजोबा हुतूतू खेळत. त्या खेळात वेळ खेळाडूच्या छातीत असे. दम टिकला तोवर चढाई, दम सुटला की गडी बाद. दम तुटला की नाही हे पंचाने कानांनी ठरवायचे, आणि आजोबा सांगत की निम्मी भांडणे त्यावरूनच व्हायची. आज कबड्डीच्या चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. दम कानांवर राहिला, पण त्याच्या जोडीला घड्याळ आले.

आणि घड्याळ आले म्हणून वाद मिटतातच असे नाही. ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. पुढे रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालू लागली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ सहजासहजी सोडली नाही. ती १९५५ पर्यंत रेंगाळली. घड्याळे सगळी चालू होती. प्रश्न होता तो कोणते प्रमाण मानायचे याचा.

बास्केटबॉलने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. मैदानाभोवती शंभर मनगटी घड्याळे आणि शंभर मोबाईल असोत, सामन्याची अधिकृत वेळ टेबलावरच्या एकाच घड्याळात असते. ते चुकले तर ते सुधारण्याचा अधिकार पंचांचाच.

ठाण्याचे तीन सेकंद

चौथ्या डावाचे शेवटचे क्षण. आपण ४७–४६ असे पुढे. चेंडू प्रतिपक्षाकडे. त्यांच्या हाती चेंडू आला तेव्हाच सामन्याचे चोवीसपेक्षा कमी सेकंद उरले होते. अशा वेळी नियमाप्रमाणे चोवीस सेकंदांचे घड्याळ बंद ठेवतात. याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या डावात ज्या साक्षीदाराने मला वाचवले होते तो आता गप्प होता.

त्यांचा एक खेळाडू मुसंडी मारून आत शिरला. आपल्या खेळाडूच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. शिट्टी झाली. मी त्या क्षणी खुर्चीतून अर्धा उठलेला होतो आणि बटणावरचा हात सुटला होता. नजर मात्र सवयीने घड्याळावर गेली. सहाचा आकडा दिसला, पुढचा दशांश टिपता आला नाही. हात बटणावर जाईतो ३.१ झाले होते.

माझ्या मागे आपलेच विद्यार्थी उभे होते. "तीनच सेकंद! जिंकलो!" असा गलका चालला होता. पंचांपैकी कोणीही घड्याळ पाहिलेले नव्हते. दोघांच्याही नजरा चेंडूवर होत्या आणि तेथेच त्या असायला हव्या होत्या. मुख्य पंच टेबलाशी आले आणि म्हणाले, "शिट्टीच्या मानानं घड्याळ उशिरा थांबल्यासारखं वाटलं. बरोबर आहे का?"

प्रामाणिकपणे सांगतो, मी लगेच उत्तर दिले नाही. "बरोबर आहे" एवढे दोन शब्द म्हणालो असतो तर कोणालाही कळले नसते. आपला कर्णधार माझा शाळेपासूनचा मित्र, कल्याणहून रोज माझ्याच गाडीने येणारा. तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, "नाही सर. शिट्टी झाली तेव्हा सहा होते. थांबवायला मला उशीर झाला."

"अंदाज, की पाहिलंत?"

"पाहिलं. सहाचा आकडा पाहिला. दशांश नाही सांगता येणार."

मागून कोणीतरी ओरडले, "सर, मोबाईलवर व्हिडिओ आहे!" पंचांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. अधिकृत पुनर्चित्रणाची व्यवस्था असलेल्या सामन्यांतच चित्रफीत पाहण्याची मुभा असते. प्रेक्षकाचा मोबाईल पुरावा होत नाही. त्यांनी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून सांगितले, "घड्याळ ६.० वर जाईल." सहाच्या पुढचे दशांश त्यांनी दिले नाहीत, कारण ते कोणी पाहिलेले नव्हते.

आपला कर्णधार म्हणाला, "सर, टेबलाचं चुकलं तर आम्ही का भोगायचं?"

ते म्हणाले, "भोगायचं काय त्यात? वेळ दोन्ही संघांची आहे. जेवढी आहे तेवढीच देतोय."

पुढचे थोडक्यात सांगतो. थ्रो-इन झाला, मी स्पर्शाबरोबर बटण दाबले. दोन पास झाले. तिसऱ्या खेळाडूने उडी घेऊन चेंडू फेकला, तो हवेत असताना भोंगा झाला, आणि चेंडू जाळीत गेला. चेंडू भोंग्याआधी हातातून सुटला होता, हे पंचांनी पाहिले आणि मीही पाहिले. हवेतला चेंडू भोंग्याने मरत नाही. ४८–४७.

सही करण्यापूर्वी मुख्य पंचांनी आम्हा चौघांना विचारले, "टेबलाचं काही म्हणणं?" कोणाचे काही नव्हते. त्यांनी सही केली.

प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द

आता मूळ प्रश्न. पराभवाचे कारण मी आहे का? मित्रांचा आरोप दोन प्रकारचा होता. एक, माझा हात वेळेवर गेला नाही. हा मला पूर्ण मान्य आहे. दुसरा, विचारल्यावर मी बोललो. हा मात्र मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगताना मला आपल्या न्यायदर्शनाचा आधार घ्यावासा वाटतो.

नैयायिक ज्ञानाची चार प्रमाणे मानतात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बास्केटबॉलचा पंच घड्याळ सुधारतो तेव्हा त्यांतली तीन उपयोगात आणतो. त्याने स्वतः आकडा पाहिला असेल तर ते प्रत्यक्ष. दुसऱ्या घड्याळात तेरा उरले, त्यावरून अकरा गेले, हे अनुमान. अनुमान आणि अंदाज यांत फरक आहे. अनुमानाला धरायला काहीतरी खूण लागते, अंदाजाला लागत नाही. म्हणूनच माझे "दहाएक" गेले आणि त्या मुलीचे अकरा राहिले. आणि जेथे पंचाचे प्रत्यक्ष नाही, अनुमानाला खूण नाही, तेथे उरतो शब्द. पण शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो जशी जाणली तशीच सांगतो, तो आप्त.

शेवटच्या क्षणी ठाण्याच्या त्या मैदानावर दुसरे कोणतेच प्रमाण उरले नव्हते. माझा शब्द एवढेच होते. मी "बरोबर आहे" म्हणालो असतो तर आपण बहुधा जिंकलो असतो. पण मग टेबलावरच्या माणसाला विचारण्यात काही अर्थ उरला नसता, त्या दिवशी नव्हे आणि पुढेही नव्हे. पुढच्या सामन्यात प्रतिपक्षाचा वेळाधिकारी आपल्या बाजूचे खरे सांगेल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने केली असती?

टेबलावर बसू इच्छिणाऱ्या माझ्या धाकट्या बंधुभगिनींसाठी दोन-चार गोष्टी नमूद करतो. हात बटणावरून काढू नये, बास्केट कितीही सुंदर पडो. शिट्टी ऐकताच आधी बटण दाबावे आणि त्याच क्षणी आकडा पाहून मनात म्हणावा. चूक झाली तर पंचाने विचारण्याची वाट न पाहता पहिल्या मृत चेंडूला सांगावी, कारण जितका उशीर तितके साक्षीदार कमी. आणि पाहिले नसेल तर पाहिले नाही असे सांगावे. चहा सामना संपल्यावर घ्यावा.

त्या संध्याकाळी ठाण्याहून धीम्या गाडीने आम्ही परतलो. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर गेले, कोणी विशेष बोलले नाही. डोंबिवलीला मी उतरलो तेव्हा कल्याणला जाणारा आमचा कर्णधार दारात उभा होता, त्यानेही नुसती मान हलवली. साधारण पंधरा दिवसांनी (हा अंदाज आहे) सरावाचा सामना ठरला आणि वेळ कोणी लावायची असा प्रश्न निघाला. तेव्हा त्याने माझे नाव सांगितले.